स्प्लिटहून शिडाच्या बोटीवर एक दिवस: बेटं मोजण्याआधी वारा पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही क्रोएशियात, स्प्लिटला तीन दिवस असणार आहात. बरोबर सत्तरीच्या आसपासचे आई-बाबा आणि आठ वर्षांची मुलगी. एक दिवस समुद्रावर घालवायचा आहे आणि समोर दोन पर्याय आहेत. पहिला, स्पीडबोटीने ‘एका दिवसात पाच बेटं’, त्यात बिशेवोची निळी गुहा आणि ह्वार. दुसरा, शिडाची बोट, जी दिवसभरात एखाद-दुसऱ्या ठिकाणीच जाते. माणशी खर्च जवळपास सारखाच आहे, तर कमी ठिकाणं दाखवणारी बोट का घ्यावी, असं तुम्ही विचारता. शिवाय आईंना गाडी लागते, मुलीला पोहता येत नाही आणि घर शाकाहारी आहे.

मी याच दाल्मेशियाच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात पाहुण्यांना घेऊन शिडाची बोट चालवतो, म्हणजे माझं मत कुठे झुकणार हे उघड आहे. म्हणून नुसतं मत न देता कारणं देतो, ती तुमच्या घरच्यांना लावून पाहा. मला वाटतं, तुमचा खरा प्रश्न असा आहे की आई-बाबांना आणि मुलीला झेपेल आणि तरीही शिडावर गेल्यासारखं वाटेल, असा दिवस आखायचा कसा. त्याचं उत्तर बेटांच्या यादीत मिळत नाही. इथे दिवस वाऱ्याच्या वेळापत्रकावर आखावा लागतो.

आधी अंतरं पाहू. समुद्रावर आम्ही सागरी मैल मोजतो, एक म्हणजे १.८५२ किलोमीटर. स्प्लिटपासून बिशेवो सरळ रेषेतही सुमारे ३५ मैल आहे. तिथून विस, ह्वार करत परत येईपर्यंत ८० मैलांच्या वर पाणी कापावं लागतं. ते एका दिवसात करायचं तर बोट ताशी २५-३० मैलांनी पळवावी लागते, आणि त्या वेगात अर्ध्या मीटरच्या लाटेवरही ती उचलून आपटते. मणक्याचा त्रास असलेल्यांना किंवा गरोदर स्त्रियांना अशा सहलींवर घेत नाहीत, ते याच कारणाने. सत्तरीतल्या माणसाला दिवसातले चार-पाच तास असे धक्के देऊ नयेत, असं मी स्पष्टच सांगेन. शिडाची बोट ताशी पाच-सहा मैल चालते. मध्ये जेवण आणि पोहणं धरलं तर दिवसाला २० मैल होतात. तेवढ्यात जे येतं तेच तुमचं क्षेत्र, आणि ते लहान वाटलं तरी भरपूर आहे.

आता वारा. उन्हाळ्यात चांगल्या हवेच्या दिवशी इथे मायेस्त्राल नावाचा वारा वाहतो. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो, त्यातला हा खारा वारा: जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची थंड हवा तिची जागा घ्यायला येते. एड्रियाटिक समुद्रावर उन्हाळ्यात मुळातच वायव्येकडून हवा सरकत असते, तिची जोड मिळाली की हा वारा आणखी नेमाचा होतो. रात्री आणि पहाटे डोंगराकडून हलका मतलई वारा असतो. सकाळी आठ-नऊला पाणी सपाट असतं. दहा-अकराच्या सुमाराला पश्चिमेकडे पाण्याचा रंग गडद व्हायला लागतो, तो मायेस्त्राल. दुपारी दोन ते चार तो भरात असतो आणि सूर्य उतरला की पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये हे फार नियमित असतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला तो जरा उशिरा येतो, जरा हलका असतो आणि लवकर पडतो. तुमच्या मंडळींसाठी ते चांगलंच आहे.

यावरून एक गोष्ट लगेच ठरते. ‘सूर्यास्ताची शिडाची सफर’ म्हणून जे विकतात ते शिडासाठी घेऊ नका. त्या वेळी वारा निघून गेलेला असतो आणि बहुतेक वेळा शीड नुसतं उभं करून इंजिनावरच बोट फिरते. संध्याकाळ सुंदर असते, पण तुम्हाला हवं ते तिथे नाही. दुपारचे दोन ते पाच हे तास ज्या सफरीत समुद्रावर मिळतात, ती घ्या.

दुसरी गोष्ट दिशेची. शिडाची बोट वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊ शकत नाही, तिला तिरकं तिरकं, वळणं घेत जावं लागतं. वारा आडवा आला की ती सगळ्यात मजेत चालते. म्हणून स्प्लिटहून एका दिवसासाठी मी बहुतेक पाहुण्यांना शोल्ता बेटावरच्या नेचुयामला नेतो. ते स्प्लिटच्या नैऋत्येला, नऊएक मैलांवर आहे. मायेस्त्राल वायव्येकडून येवो किंवा बेटांमधून वळून पश्चिमेकडून, जाताना तो उजव्या अंगाला मिळतो आणि येताना डाव्या अंगाला, बरेचदा किंचित मागून. दोन्ही वेळा शीड भरतं आणि दोन्ही वेळा बोट फार कलत नाही.

आईंसाठी मात्र मी जाताना शीड उभारायचा हट्ट धरणार नाही. नऊला स्प्लिटचा धक्का सोडायचा आणि सपाट पाण्यावर इंजिनाने साडेदहाच्या सुमाराला नेचुयाम गाठायचं. पहिल्या दीड तासात पोट शांत राहिलं की माणसाला धीर येतो आणि पुढचा दिवस सोपा जातो. मग दुपारी दीड-दोनपर्यंत तिथेच पोहणं, जेवण, सावलीत बसणं. दोनला नांगर उचलायचा, खाडीच्या तोंडाबाहेर शीड उभं करायचं आणि भरात आलेल्या वाऱ्यावर परत निघायचं. सगळे मजेत असतील तर ब्राच बेटाच्या दिशेने एक लांब फेरा मारून यायचं, कोणाला त्रास होत असेल तर सरळ घर. परतीच्या वाटेवर वारा असला की हा निर्णय तुमच्या हातात राहतो. लांब जाऊन वाऱ्याविरुद्ध परतायचं असेल तर तो हातात राहत नाही.

नेचुयामची खाडी कोकणातल्या खाडीसारखी नाही. या बेटांवर नद्या नाहीत, सगळा चुनखडीचा दगड. पावसाचं पाणी भेगांतून झिरपतं, गाळ येत नाही, म्हणून पाणी तळापर्यंत दिसतं. भरती-ओहोटीचंही तसंच. मुंबईत उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, स्प्लिटला हा फरक जेमतेम ३० सेंटिमीटरच्या आसपास. त्यामुळे आम्हाला भरतीची वेळ पाहून निघावं लागत नाही, फक्त वारा पाहावा लागतो. बाबांना इतिहासाची आवड असेल तर त्यांना सांगा की स्प्लिटचा कवी मार्को मारुलिच (१४५०–१५२४) काही काळ याच खाडीत येऊन राहिला होता.

नांगर कुठे टाकतात तेही मुलीला दाखवा. तळाला गडद हिरवे पट्टे दिसतात, ते पोसिडोनिया नावाच्या समुद्री गवताचे. माशांची पिल्लं त्यात वाढतात आणि ते वर्षाला काही सेंटिमीटरच पसरतं, म्हणून त्यावर नांगर ओढला तर झालेली जखम भरायला कित्येक वर्षं लागतात. चांगला स्किपर, म्हणजे बोट चालवणारा, फिकट वाळूचा तुकडा शोधून तिथेच नांगर सोडतो. वाळूत तो रुततोही नीट. हे पाहायला मुलांना फार आवडतं आणि कुठला स्किपर काळजी घेणारा आहे ते तुम्हालाही कळतं.

नेचुयामऐवजी दुसरं काही हवं असेल तर पश्चिमेला द्रवेनिक बेटाजवळचं कर्कन्याशी, ज्याला पर्यटक ‘निळं सरोवर’ म्हणतात. ते बाराएक मैलांवर आहे. सकाळी वारा नसताना इंजिनाने जायचं आणि दुपारी पाठवाऱ्याने परत, हे गणित तिथेही जमतं. पण तिथे स्पीडबोटींची गर्दी होते आणि त्यांच्या लाटांनी नांगरलेली बोटही हलत राहते. पोट नाजूक असलेल्या माणसाला तेच सगळ्यात त्रासदायक. ब्राचवरचं मिल्ना गाव देखणं आहे, पण परतताना वाऱ्याच्या जवळून जावं लागतं, बोट कलते आणि पुढून पाणी उडतं. तरुण मंडळी असती तर मी तेच सुचवलं असतं.

हे सगळं चांगल्या हवेच्या दिवसाचं. इथे आणखी तीन वारे आहेत आणि ते आले की बेत बदलावा लागतो. युगो आग्नेयेकडून येतो. तो हळूहळू बळावतो, म्हणून हवामानाच्या अंदाजात एक-दोन दिवस आधी दिसतो. हवा दमट, आकाश राखाडी, आणि लांबून येणारी मोठी लाट. युगोच्या दिवशी आईंना बोटीवर नेऊ नका. याच लाटेमुळे बिशेवोची गुहाही बंद ठेवतात, कारण तिच्या तोंडातून होडी आत जाऊ शकत नाही. बुरा ईशान्येकडून, डोंगरावरून कोसळतो. आकाश स्वच्छ असतं, डोंगरमाथ्यावर ढगाची पांढरी टोपी दिसते आणि झोत अचानक येतात. स्प्लिटच्या मागे मोसोर १,३३९ मीटर उंच आहे आणि मोसोर-कोझ्याक यांच्यामधल्या क्लिसच्या खिंडीतून बुरा थेट शहरावर उतरतो. त्याचं मुख्य राज्य हिवाळ्यात, पण सप्टेंबरमध्येही एखादा दिवस येतो. तिसरं नेवेरा, म्हणजे उन्हाळी वादळ: पश्चिमेला काळा ढग, मग अर्धा-एक तास वारा, पाऊस आणि विजा. त्या वेळी खाडीत थांबून राहणं हाच शहाणपणा.

म्हणून माझा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला: तीन दिवसांतला दुसरा दिवस बोटीसाठी ठेवा आणि तिसरा राखीव. हवा बिघडली तर दिवस पुढे ढकलून मिळेल का, हे पैसे भरण्याआधी विचारा. क्रोएशियाची हवामान संस्था समुद्रासाठी वेगळा अंदाज देते, स्किपर तो रोज पाहतो. आदल्या संध्याकाळी त्याने तुम्हाला वाऱ्याबद्दल काहीच सांगितलं नाही तर तुम्ही विचारा. युगोच्या दिवशी त्रोगिर हे जुनं शहर किंवा क्लिसचा किल्ला गाडीने पाहता येतो, दिवस वाया जात नाही.

आता आईंचं. बोट लागते ती डोळे आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा वेगवेगळं सांगू लागतात म्हणून. शिडावर चालणारी बोट इंजिनावरच्या बोटीपेक्षा कमी डुलते, कारण शिडावरचा वाऱ्याचा दाब तिला एका बाजूला धरून ठेवतो. ती कलते, पण कललेलीच राहते. बहुतेक लोकांना कलण्यापेक्षा डुलण्याचा त्रास जास्त होतो. आईंना मागच्या भागात, सुकाणूजवळ बसवा, नजर क्षितिजावर किंवा किनाऱ्यावर ठेवायला सांगा, आणि खालच्या केबिनमध्ये, मोबाइलमध्ये किंवा पुस्तकात डोकं घालू देऊ नका. रिकाम्या पोटी नेऊ नका आणि तळलेलंही नको. त्यांना थोडा वेळ सुकाणू धरायला दिलं तर फार उपयोग होतो. पुढची हालचाल आपणच करतोय म्हटल्यावर शरीर तिला सरावतं. गोळी घ्यायची असेल तर भारतातून निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. या गोळ्यांपैकी बऱ्याच गोळ्यांनी झोप येते आणि वयस्कर माणसांचा तोल जाऊ शकतो. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर काही गोळ्या चालत नाहीत. घरी एकदा घेऊन पाहा. आणि बोटीवर चढण्याआधी घ्या, मळमळायला लागल्यावर घेतलेली गोळी बहुधा पोटात राहत नाही.

माझ्या मते आई-बाबांसाठी लाटेपेक्षा अवघड आहे ते चढणं-उतरणं. भूमध्य समुद्रात बोटी सहसा धक्क्याला आडव्या लावत नाहीत. पुढून नांगर किंवा दोर आणि मागची बाजू धक्क्याकडे, अशा ओळीने लावतात. मधे एक अरुंद फळी असते. बोट जरा हलत असते, फळीही हलते. गुडघेदुखी असेल तर हे आधी सांगा. मी अशा वेळी धक्क्यावर एक माणूस आणि बोटीवर एक असे दोन हात ठेवतो आणि बोट जवळ ओढून घेतो. गुडघे फारच दुखत असतील तर कॅटमरान घ्या. दोन सांगाडे शेजारी जोडलेली ती बोट फारशी कलत नाही, मागे रुंद पायऱ्या असतात, सावली मोठी असते. ती महाग पडते आणि हलक्या वाऱ्यात शिडावर चालण्याची ती गंमत तिच्यात कमी असते, पण बाबा काठी घेऊन चालत असतील तर मी विचारही न करता तीच सांगेन.

मुलीबद्दल. तिचं वजन आधी कळवा, म्हणजे तिच्या मापाचं, पायांमधून पट्टा असलेलं लाइफजॅकेट मिळेल. मोठ्यांचं आवळून बांधलेलं चालत नाही, पाण्यात ते डोक्यावरून वर सरकतं. दंडात घालायचे फुगे हे खेळणं आहे, त्याच्या भरवशावर राहू नका. बोट चालू असताना ती कायम जॅकेटमध्ये राहील आणि शिडाखालच्या आडव्या दांडीच्या, बूमच्या, वाटेत उभी राहणार नाही, हे दोन नियम निघण्याआधीच सांगा. पाण्यात उतरायचं ते नांगर पडल्यावर, इंजिन बंद झाल्यावर आणि मागची शिडी खाली सोडल्यावरच. हे मोठ्यांनाही लागू आहे. माणूस साधारण ताशी दोन-तीन किलोमीटर पोहतो; नांगर न टाकलेली बोट हलक्या वाऱ्यातही त्या वेगाने सरकू शकते आणि पोहणारा मागे राहतो. सप्टेंबरात पाणी २३-२४ अंशांच्या आसपास असतं, खारटपणा महासागरापेक्षा जास्त, त्यामुळे जॅकेट घातलेलं मूल अगदी सहज तरंगतं. किनाऱ्यावर उतरायचं असेल तर रबरी बूट हवेत, कारण खडकांवर काटेरी समुद्री अर्चिन असतात आणि त्यांचे काटे पायात मोडतात.

शाकाहाराची अडचण तुम्हाला वाटते तेवढी नाही, पण ‘शाकाहारी’ एवढं म्हणून भागत नाही. मांस, मासे, कोळंबी, अंडं, यातलं काय चालत नाही ते एकेक करून सांगा. भाजीच्या सूपमध्ये मांसाचा रस असू शकतो आणि काळा भात माकूळवर्गीय माशाच्या शाईने काळा होतो. मागायचं ते ब्लित्वा: चार्डची पालेभाजी आणि बटाटा, लसूण आणि ऑलिव्ह तेलात. आपल्या माणसाला ती पहिल्याच घासाला आवडते. दुसरं सोपार्निक, स्प्लिटजवळच्या पोल्यित्सा भागातली, पातळ पोळ्यांच्या मधे पालेभाजी भरून निखाऱ्यावर भाजलेली भाकरी. सकाळी निघण्याआधी स्प्लिटमधल्या, रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या राजवाड्याच्या पूर्व भिंतीलगतच्या पाझार नावाच्या मंडईत टोमॅटो, अंजीर, द्राक्षं आणि चीज घ्या. घरून आणलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बोटीवर फार छान लागते आणि कुठलाही स्किपर त्याला नाही म्हणणार नाही.

निळ्या गुहेचं मन राखायचं असेल तर त्याला वेगळा रस्ता आहे. पाण्याखालच्या भोकातून येणारा उजेड पांढऱ्या तळावरून परतून ती निळी दिसते, आणि हे अकरा-बाराच्या सुमाराला सर्वांत छान दिसतं. १८८४ मध्ये तोंड मोठं करून ती लोकांसाठी खुली केली. स्प्लिटहून मोठ्या फेरीबोटीने सव्वादोन-अडीच तासांत विस बेटावर जाता येतं. एक रात्र तिथे राहिलात तर दुसऱ्या दिवशी कोमिझा गावातून गुहा अगदी जवळ आहे. मोठी फेरीबोट स्थिर असते, आईंना ती झेपेल. तीन दिवसांत हे आणि शिडाचा दिवस दोन्ही बसवणं ओढाताणीचं होईल, त्यामुळे एक निवडा किंवा मुक्काम एका दिवसाने वाढवा.

स्किपर ठरवताना हे विचारा: दुपारी शिडावर साधारण किती वेळ चालणार, दिवस पुढे ढकलता येईल का, चढणं-उतरणं कुठून, मुलीच्या मापाचं जॅकेट आहे का, इंधन, जेवण आणि स्किपरचं मानधन किमतीत धरलं आहे का. व्यवहार युरोत होतो, २०२३ पासून क्रोएशियाचं चलन तेच आहे. स्किपर बरोबर असेल तर तुम्हाला कसलाही परवाना लागत नाही. समुद्रावरच्या मदतीचा क्रोएशियातला क्रमांक १९५ आहे, तो मोबाइलमध्ये असू द्या.

परतताना बाबांना पुढे बसवा. डायोक्लेशियनचा राजवाडा, इ. स. ३०५ च्या सुमाराचा, ब्राच बेटावरच्याच चुनखडीने बांधलेला, मूळचा समुद्राकडे तोंड करून उभा होता. आज समोर फिरायचा रस्ता आहे, पण त्या काळी दक्षिणेकडची भिंत थेट पाण्यातून उठायची आणि होड्या तिथल्या दरवाजाला लागायच्या. ही रचना पाण्यावरून येतानाच नीट कळते. उतरल्यावर दोन-तीन तास जमीन हलल्यासारखी वाटेल, ते नेहमीचं आहे, झोपेने जातं. त्यामुळे त्या रात्री दुब्रोव्निकची बस ठेवू नका, हॉटेल धक्क्यापासून चालत जाता येईल असं घ्या.